स्वर्गीय नर्तकाचे घरटे: सात मीटर की पंचवीस?

पार्श्वभूमी

ओढ्याकाठच्या दाट झाडीत स्वर्गीय नर्तकाच्या जोडीने घरटे केले होते. जमिनीपासून साधारण अडीच मीटर उंच, पाण्याकडे झुकलेल्या बारीक फांदीच्या बेचक्यात. बारीक गवत आणि मुळ्यांचे तंतू विणलेली खोल वाटी, बाहेरून कोळ्याच्या जाळ्यांचे लिंपण. या पक्ष्यात नर आणि मादी दोघेही अंडी उबवतात आणि दोघेही पिल्लांना भरवतात. अंडी उबायला १४ ते १६ दिवस लागतात. पिल्ले घरट्यात राहतात ती जेमतेम ९ ते १२ दिवस. या प्रकरणातला प्रत्येक निर्णय या शेवटच्या आकड्याभोवती फिरला.

तिघे जण होते. एक छंदी छायाचित्रकार, त्याचा मित्र आणि घरटे ज्याला आधीपासून माहीत होते तो वाटाड्या. नर पांढरा, पूर्ण वाढलेला, शेपटीची लांब पिसे शाबूत असलेला. छायाचित्रकाराकडे ५०० मिमी, एफ ५.६ ची लेन्स (एफचा आकडा वाढला की उजेड कमी येतो, पण तीक्ष्ण दिसणारी खोली वाढते), १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची लांबी तेवढ्या पटीने वाढवणारे जोडभिंग), २३.५ मिमी रुंद सेन्सरचा कॅमेरा आणि ट्रायपॉड होता. घरट्यात तीन पिल्ले. डोळ्यांच्या जागी नुसत्या चिरा, पंखांच्या कातडीखाली पिसांच्या नळ्यांच्या निळसर-काळ्या रेघा. यावरून वय चार दिवसांचे धरले. असा अंदाज एखाद्या दिवसाने इकडेतिकडे होतोच, आणि पुढे तो एक दिवसच महत्त्वाचा ठरला.

पहिली सकाळ: काय बिघडले

सकाळी आठच्या सुमारास ट्रायपॉड घरट्यापासून सात मीटरवर लागला. घरट्यासमोर दोन पानेदार डहाळ्या आड येत होत्या. मित्राने त्या सुती दोऱ्याने बाजूला ओढून बांधल्या आणि तिसरी, बोटाएवढी, मोडून टाकली. छायाचित्रकारांच्या बोलीत याला ‘गार्डनिंग’ म्हणतात. शब्द मोठा निरागस आहे. प्रत्यक्षात घरट्यावरचे छप्पर काढून घेणेच असते ते.

मग वाट पाहणे सुरू झाले. मादी चोचीत पतंग धरून आली, आठ-दहा मीटरवरच्या फांदीवर बसली आणि तिथेच राहिली. मधूनमधून कर्कश ‘चे-चे’ करत फांद्या बदलायची, घरट्याकडे मात्र यायची नाही. छायाचित्रकाराला वाटले, छान, बसलेली मादी मिळतेय. वाटाड्या हळूच म्हणाला, “सर, ती बसली नाहीये. तुमच्यामुळं अडलीय.” ३८ मिनिटांत पिल्लांना एकच घास मिळाला, तोही नराने घाईघाईत दिलेला.

नऊ वाजून गेल्यावर मोकळ्या केलेल्या जागेतून उन्हाची तिरीप थेट वाटीत उतरली. पिल्लांनी चोची उघडल्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते दृश्य फार गोड दिसते आणि ‘भुकेली पिल्ले’ अशा ओळीखाली अशी किती तरी छायाचित्रे फिरत असतात. पण भुकेची चोच आणि उन्हाची चोच यांत फरक असतो. घास मागताना पिल्लू मान ताठ वर ताणते, अंग थरथरवते, चोच पूर्ण वासते आणि आई-बाप लांब गेले की मान खाली टाकते. ऊन लागले की चोच अर्धवट उघडी राहते, मान घरट्याच्या काठावर लोळते, गळा भराभर हलतो आणि आई-बाप जवळ असोत नसोत, हे चालूच राहते. इथे दुसरा प्रकार होता. पिसे न फुटलेल्या पिल्लाला स्वतःच्या अंगाचे तापमान राखता येत नाही. त्याला ऊब आणि सावली दोन्ही पालकांकडून मिळतात, आणि पालक आठ मीटरवर अडून बसले होते.

पहिला निर्णय: आत्ता की संध्याकाळी?

चूक लक्षात आली, पण ती दुरुस्त करायची तर पुन्हा घरट्यापाशी जायला हवे होते. मित्राचे म्हणणे, आता गुपचूप निघू या, दोरे संध्याकाळी सोडू. वाटाड्याचे म्हणणे, ऊन चढतेय, संध्याकाळपर्यंत थांबायला वेळ कुठे आहे? वाटाड्याचे ऐकले, आणि ते बरोबरच होते. दोन मिनिटांच्या व्यत्ययाने पालक पुन्हा उडतील, पण परत येतील. तासभर थेट ऊन मात्र इतक्या लहान पिल्लांना पुरेसे घातक असते.

एकच माणूस गेला. आधी लांबूनच काय करायचे ते ठरवले, मग सरळ चालत जाऊन दोन्ही दोरे सोडले. घरट्याला किंवा त्याच्या फांदीला हात लावला नाही. मोडलेल्या डहाळीची जागा उघडीच राहत होती, म्हणून शेजारची एक जिवंत डहाळी त्याच दोऱ्याने तिथे ओढून घेतली. तोडलेली फांदी आणून खोचायचा विचार झाला होता, पण तोडलेली पाने दुपारपर्यंत कोमेजून वळतात आणि सावली जाते. हिरव्या झाडीत सुकलेला झुबका लांबूनही डोळ्यांत भरतो. ओढून बांधणेही पूर्ण निर्धोक नाही, कारण दोऱ्याच्या सुट्या टोकात पाय अडकू शकतो. म्हणून गाठ फांदीलगत घट्ट मारून टोके कापली. मग तिघेही ४० मीटर मागे गेले. मादी अकरा मिनिटांत वाटीत जाऊन बसली.

डहाळ्या बांधल्या होत्या म्हणून सोडता आल्या. मोडलेली डहाळी काही परत जोडता येत नव्हती.

पुढे काय करायचे: तोलून पाहिलेले पर्याय

त्याच दुपारी तिघांनी बसून पर्याय मांडले.

पहिला, छद्मावरणाचे कपडे घालून सात मीटरवरच बसायचे. हा लगेच बाद झाला. पक्ष्याने माणसाला तिथे येताना पाहिलेले असते, आणि कपड्यांचा रंग माणसाची चाल लपवत नाही.

दुसरा, लपण, म्हणजे कापडी हाईड. योग्य वेळ हाताशी असेल तर ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. तंबू आधी २०–२५ मीटरवर उभा करायचा, एक दिवस रिकामा ठेवायचा, पालक नेहमीप्रमाणे येताहेत हे पाहून रोज तीन-चार मीटरने पुढे सरकवायचा. आत बसताना दोघांनी जायचे आणि एकाने निघून जायचे, म्हणजे पक्ष्याला ‘गेले’ असे वाटते. गणित मात्र जुळेना. सात-आठ मीटरपर्यंत पोचायला किमान चार-पाच दिवस लागले असते. पिल्ले आज चार दिवसांची, म्हणजे हाईड तयार होईल तेव्हा ती नऊ दिवसांची. जवळ जाण्यासाठी याहून वाईट वय नाही (कारण पुढे येईलच). हाईड लावायचे तर सुरुवात फार आधी करावी लागते, आणि फार आधी म्हणजे अंड्यांच्या काळात, जेव्हा जोडी घरटे सोडून देण्याची भीती सर्वांत जास्त असते. थोडक्यात, घरट्यातला मुक्काम इतका छोटा असलेल्या पक्ष्यासाठी हाईडचा फारसा उपयोग नाही.

तिसरा, घरट्याजवळ छोटा कॅमेरा बांधून लांबून शटर दाबायचे. ऐकायला सोज्वळ वाटते, कारण माणूस दूर असतो. पण कॅमेरा लावणे, बॅटरी बदलणे, कार्ड काढणे, नेम चुकला म्हणून पुन्हा हलवणे, या प्रत्येकासाठी कुणीतरी घरट्यापाशी जाणारच. शिवाय या झाडीत टकाचोर फिरत होता. दुसऱ्यांची अंडी-पिल्ले पळवणारा हा पक्षी चौकस असतो, माणसाच्या हालचालींवरही त्याचा डोळा असतो. नाकारला.

चौथा, ओढ्याच्या पलीकडच्या काठावर २५ मीटरवर बसायचे, घरट्यापेक्षा ये-जा करणारे पालक टिपायचे आणि खरी छायाचित्रे पिल्ले बाहेर पडल्यावर काढायची.

पाचवा, सरळ निघून जायचे. तो शेवटपर्यंत खुला ठेवला, चौथा फसला तर वापरण्यासाठी.

कायद्याचा मुद्दाही निघाला. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणे येते. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या, म्हणजे खास संरक्षण दिलेल्या पक्ष्यांना घरट्याजवळ त्रास होईल असे छायाचित्रण परवान्याशिवाय करता येत नाही. अनेक छायाचित्र स्पर्धा घरट्याची छायाचित्रे स्वीकारतच नाहीत. मित्राला हे नवीन होते.

पंचवीस मीटरचे गणित

छायाचित्रकाराची खंत अशी की २५ मीटरवरून ‘काही मिळणार नाही’. म्हणून आकडे मांडले.

२३.५ मिमी सेन्सर आणि ५०० मिमी लेन्स धरली तर सात मीटरवर फ्रेमची रुंदी जेमतेम ३३ सेंमी भरते. नराचे अंग २० सेंमी आणि शेपटीची पिसे आणखी २५, म्हणजे ४५. जो फोटो काढायला सात मीटर गाठले, तो नर सात मीटरवरून फ्रेममध्ये मावतच नव्हता! तीक्ष्ण दिसणारी खोलीही एफ ५.६ ला चार-साडेचार सेंमी एवढीच. पिल्लाची चोच नीट आली तर नराचा डोळा गेला.

२५ मीटरवर टेलिकन्व्हर्टर लावून ७०० मिमी केले की फ्रेम ८४ सेंमी रुंद होते. नर शेपटीसकट अर्ध्याहून थोडी जास्त जागा घेतो, उडायला आणि वळायला जागा उरते. एफ ८ ला तीक्ष्णतेची खोली सुमारे ४० सेंमी मिळते, म्हणजे पालक आणि पिल्ले दोन्ही स्पष्ट. घरट्याची वाटी मात्र फ्रेमच्या अकराव्या-बाराव्या हिश्शाएवढी दिसते. पिल्लांच्या चेहऱ्यांचे मोठे छायाचित्र इथून नाहीच.

उजेड ही खरी अडचण होती. झाडीखाली सकाळी साडेसातला एफ ८ वर १/१००० सेकंदाचा शटर वेग हवा असेल तर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता; ती फार वाढवली की छायाचित्र रवाळ होते) ६४०० च्या पुढे न्यावा लागत होता. तडजोड अशी ठरली की बसलेल्या पक्ष्यासाठी १/२५०, भरवतानाच्या क्षणासाठी १/८००, आणि उडतानाच्या छायाचित्रांचा हट्ट सोडायचा. फ्लॅश नाही. शटर आवाजाविना, इलेक्ट्रॉनिक. त्यात फडफडणारे पंख वाकडे येतात, पण उडती छायाचित्रे घ्यायचीच नसल्याने त्याने बिघडत नव्हते. पाने मधे येत असल्यामुळे फोकसचा एकच छोटा बिंदू वापरला. पूर्ण क्षेत्राचा स्वयंचलित फोकस अशा जागी दर वेळी जवळचे पान पकडतो.

दिवस पाच ते सात

पाचव्या दिवशी (इथून पुढे दिवस पिल्लांच्या अंदाजे वयाने मोजले आहेत) कॅमेरा बाहेर काढण्याआधी ४० मीटरवरून दुर्बिणीने अर्धा तास नुसते मोजले. दोघे पालक मिळून आठ फेऱ्या. ही या जोडीची स्वाभाविक गती मानली. ही मोजणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. तुलनेला आकडाच नसेल तर ‘पक्षी सरावले’ हे वाक्य कुणीही, कधीही म्हणू शकतो.

नियम लिहून ठेवला. वीस मिनिटांत एकही फेरी झाली नाही, किंवा अर्ध्या तासात चारहून कमी झाल्या, तर कुठलीही चर्चा न करता मागे जायचे. मोजणी वाटाड्याकडे, कारण त्याच्या हातात कॅमेरा नव्हता. डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला माणूस वीस मिनिटांना पाच समजतो.

बैठक दिवसाला एकच, ४५ मिनिटांची, साडेसात ते सव्वाआठ. पलीकडच्या काठाने, घरट्याकडे तोंड करून न चालता, तिरक्या वाटेने येऊन झाडाच्या बुंध्याला टेकून बसायचे. उभे राहायचे नाही. पाऊस किंवा नुकताच पाऊस पडून गेलेला असेल तर बैठक रद्द, कारण तेव्हा मादी पिल्लांवर पंख पसरून बसलेली असते आणि ती उठली की पिल्ले भिजतात. सहाव्या दिवशी असेच झाले आणि तिघे कॅमेरा न काढता परतले.

पाचव्या दिवशी अर्ध्या तासात सात फेऱ्या झाल्या, सातव्या दिवशी आठ. पालक घास भरवल्यावर पिल्लाच्या विष्ठेची पांढरी पिशवी उचलून नेत होते. घरट्याचा कारभार सुरळीत चालल्याची ही चांगली खूण, कारण घाबरलेला पालक घास कोंबून लगेच पळतो, साफसफाईला थांबत नाही. सातव्या दिवशी नराचे शेपटीसकट छायाचित्र मिळाले. वाटीच्या काठावर नर, खाली तीन उघड्या चोची.

दुसरा निर्णय: कुठे थांबायचे

घरट्याजवळचा धोका एकाच प्रकारचा नसतो. बांधणी आणि अंडी असताना जोडी घरटे सोडून देण्याचा. पिल्ले उघडी असताना ऊन, थंडी आणि उपासमारीचा. पिल्लांना पिसे फुटू लागली की तिसराच, अकाली उडीचा. या वयात पिल्ले धोका ओळखतात, पण त्यांचे पंख अजून नळ्यांतून अर्धेच बाहेर आलेले असतात. कुणी जवळ आले की ती एकदम उसळून बाहेर पडतात, बहुधा सगळी. उचलून परत ठेवली तरी पुन्हा उड्या घेतात. नेमके याच दिवसांत ती सर्वांत देखणी दिसतात आणि लोक सर्वांत जवळ जातात.

वय एका दिवसाने चुकलेले असू शकते हे धरून आठव्या दिवसापासून २५ मीटरही बंद केले. फक्त ४० मीटरवरून दुर्बीण. मित्राला हे पटले नाही. तीन डोकी वाटीबाहेर आलेले छायाचित्र हवे होते त्याला.

नववा दिवस

नवव्या दिवशी संध्याकाळी मित्र एकटाच मोबाइल घेऊन घरट्याखाली गेला. साधारण तीन मीटर. त्याच्याच सांगण्यानुसार दहा सेकंदही झाले नसतील, एक पिल्लू बाहेर पडून गवतात आदळले. दोन घरट्यातच दबून बसली. त्याने वाटाड्याला फोन केला, आणि हे मात्र बरे केले.

आता तीन मार्ग होते. पिल्लू आहे तिथे सोडायचे, घरट्यात परत ठेवायचे, किंवा जवळच्या झुडपावर बसवायचे. हात लावला की पालक सोडून देतात या समजुतीत तथ्य नाही, त्यामुळे अडचण हात लावण्याची नव्हती. पिल्लू उघडे, बिनपिसांचे असते तर घरट्यात ठेवणे हाच मार्ग होता. इथे पिल्लाला पिसे होती, फांदी धरण्याइतके पाय होते, आणि घरट्याकडे हात नेला तर उरलेली दोनही उडी घेणार हे जवळजवळ नक्की होते. जमिनीवर ठेवावे तर अंधार पडत होता.

वाटाड्याने पिल्लू ओंजळीत घेऊन घरट्यापासून चार मीटरवरच्या दाट झुडपात, मीटरभर उंचीवर, आडव्या फांदीवर बसवले. पायांनी फांदी पकडली हे पाहून दोघे ४० मीटर मागे आले. पिल्लू ओरडत राहिले आणि पंचवीस मिनिटांनी मादीने त्याला एकदा भरवले. मग दिसेनासे झाले.

परिणाम

दहाव्या दिवशी सकाळी झुडपात पिल्लू नव्हते. आसपास आवाजही नाही. पिसे किंवा झटापटीची खूण सापडली नाही, आणि शोधण्यासाठी झाडी तुडवायची नाही असे ठरले. अकराव्या दिवशी उरलेली दोन पिल्ले एका तासाच्या अंतराने बाहेर पडली.

त्यानंतरचे चार दिवस छायाचित्रणाच्या दृष्टीने सर्वांत फलदायी ठरले. बाहेर पडलेली पिल्ले आखूड शेपटीची, गुबगुबीत, आणि तासन् तास एकाच फांदीवर बसणारी असतात. पालक त्यांना पुढे बरेच दिवस भरवतात. त्यांच्या मागे जायचे नाही, भरवण्याच्या आवाजाची दिशा धरून २० मीटरवर बसायचे आणि ती सरकतील तशी सरकू द्यायची, एवढेच केले. दोन पिल्ले शेजारी शेजारी आणि मधे चतुर घेऊन आलेली मादी, असे छायाचित्र तेराव्या दिवशी मिळाले. पार्श्वभूमी मोकळी, उजेड चांगला, १/८०० ला आयएसओ २०००. घरट्यावरच्या कुठल्याही छायाचित्रापेक्षा ते सरस आहे.

छायाचित्रे दोन महिन्यांनी, स्थानाची माहिती फाइलमधून काढून टाकून प्रसिद्ध केली. दरम्यान तीन जणांनी वाटाड्याकडे जागा विचारली होती. त्याने सांगितली नाही. त्याच्या पोटापाण्याचा विचार केला तर हा या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय होता, आणि त्याची भरपाई छायाचित्रकाराने पुढच्या हंगामाच्या फेऱ्या आधीच ठरवून केली. असे कुणी आपणहून फारसे करत नाही.

घरटे रिकामे झाल्यावर तिसऱ्या दिवशी सावलीसाठी बांधलेला दोरा सोडला.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या दिवशी ट्रायपॉड उघडण्याआधी ४० मीटरवरून अर्धा तास मोजणी झाली असती, तर सात मीटरचा विचारही आला नसता. फ्रेमच्या रुंदीचा हिशेब आदल्या रात्री घरी बसून करता येण्यासारखा होता. कात्री आणि दोरा सामानात नसते, तर डहाळ्या बांधल्या गेल्या नसत्या.

नवव्या दिवसाची चूक मित्राची, पण ती घडू शकली याला नियमातली फट कारण होती. थांबण्याचा नियम कॅमेऱ्यासाठी लिहिला होता. मोबाइलबद्दल कुणी काही बोललेच नव्हते, आणि मोबाइलला तर सर्वांत जवळ जावे लागते. शिवाय घरट्याखाली एकट्याने जायचे नाही, ही साधी अट घालता आली असती. मित्राला आठव्या दिवशी नुसते ‘नाही’ सांगितले गेले. अकाली उडी म्हणजे काय, हे त्याला पिल्लू पडल्यावर समजावले.

पिल्लू झुडपावर बसवण्याबद्दल तिघांत अजून एकमत नाही. घरट्याखालच्याच फांदीवर, दीड-दोन मीटरवर बसवले असते तर पालकांची ये-जा एकाच जागी राहिली असती, असे छायाचित्रकाराला वाटते. तेवढ्या जवळ गेले असते तर तिन्ही पडली असती, असे वाटाड्याचे म्हणणे.

वहीत शेवटच्या पानावर छायाचित्रकाराने आधी लिहिले होते, ‘तीन पिल्ले, तिन्ही उडाली’. वाटाड्याने ते खोडायला लावले. आता तिथे ‘दोन उडाली, एक माहीत नाही’ असे आहे.